चार ठिपक्यांवरची खुर्ची

फोन आला तेव्हा मी मंडईत होते. यादीतली मेथी घेऊन झाली होती, आलं-लिंबू राहिलं होतं. मामांच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "अंजू, मामा गेले गं... खुर्चीत बसल्या बसल्याच." कोणती खुर्ची, हे विचारायची गरज नव्हती. याला आता दीड महिना झाला.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, लग्न केलं नव्हतं. मी कॉलेजात असताना त्यांनी रेकॉर्ड प्लेअर घेतला आणि त्याचे स्पीकर बशीरभाई नावाच्या सुतार मित्राकडून करून घेतले. कमरेएवढी उंच, रुंद, लाकडी खोकी. ती आली त्या दिवशी मोजायच्या टेपचं एक टोक माझ्या हातात होतं. डाव्या स्पीकरपासून उजवा, उजव्यापासून खुर्ची, खुर्चीपासून डावा. तिन्ही अंतरं सारखी हवीत. "इथे बसलं की गाणारा बरोबर मधे येऊन उभा राहतो," मामा म्हणाले. केर काढताना खुर्ची हलली तरी परत जागेवर यावी म्हणून तिच्या चार पायांशी फरशीवर त्यांनी चार ठिपके दिले, माझ्याच नेलपॉलिशचे.

रविवारी सकाळी चार-सहा ओळखीचे लोक ऐकायला येत. प्रत्येकाला आळीपाळीने खुर्ची मिळे, मामा सतरंजीवर. नियम एकच, रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत हात रिकामे. मी एकदा शेंगा सोलत बसले तर म्हणाले, "आधी शेंगा उरकून ये. गाणं थांबेल." पुढे कॅसेट आल्या. लोक म्हणू लागले, "मला भरून द्या, घरी ऐकतो." मग गाणी घरातून प्रत्येकाच्या खिशात गेली. कुणाशी भांडण झालं नाही, पण रविवारची माणसं कमी होत गेली. शेवटी खुर्चीत बसायला एकटे मामाच उरले.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना वॉकर आला. मी खोली मोजली. स्पीकर आणि पलंग यांच्यामधून वॉकर जात नव्हता. माझी यादी तयार झाली: पायपुसणी काढणे, बाथरूममध्ये दांडी बसवणे, स्पीकर देणे. लोणी काळभोरच्या एका शाळेला ते हवे होते. टेम्पो मीच ठरवला, आणि मामांसाठी तळहाताएवढा बिनवायरचा स्पीकर आणला. म्हटलं, "कुठेही ठेवा, खोलीभर सारखं ऐकू येतं."

"हो का? मग बसायचं कुठे, ते कसं कळणार?"

मी हसले आणि यादीवर खूण केली. नंतर खुर्ची खिडकीशी घ्या म्हणून दोनदा सुचवलं. "तिला तिथली सवय आहे," एवढंच म्हणाले.

मामा गेल्यावर आठवड्याने बशीरभाई भेटायला आले. चहा निम्मा झाल्यावर म्हणाले, "ताई, गेल्या वर्षी ते वॉकर घेऊन रिक्षानं माझ्याकडे आले होते. वॉकर जाईल असे निम्म्या रुंदीचे स्पीकर कर म्हणाले. मी लाकूडसुद्धा काढून ठेवलं... दोन दिवसांनी फोन, राहू दे. अंजूनं एवढी धावपळ करून जागा केली, आता परत खोकी आणली तर तिला वाटेल, तिचं चुकलं."

चुकलंच होतं. स्पीकर वाटेत येत होते हे खरं; पण बशीरभाईंना एक फोन मीही करू शकले असते. आणि त्याआधी मामांना विचारू शकले असते. माझ्या यादीत 'देणे' होतं, 'विचारणे' नव्हतं.

मामांचं घर यादीप्रमाणे रिकामं केलं. खुर्ची माझ्याकडे आणली, मुलीचं नेलपॉलिश घेऊन आमच्या हॉलमध्ये चार ठिपके दिले. केर काढणाऱ्या मंगलने विचारलं, "ताई, हिचं तोंड कुठं करायचं? समोर तर नुसती भिंत हाय."

"तिकडेच असू दे."

रविवारी सकाळी तो छोटा स्पीकर लावून मी तिथे बसते. पहिल्या रविवारी हातात बाजाराची यादी होती. दुसऱ्या रविवारी ती स्वयंपाकघरात ठेवून आले. हात रिकामे ठेवून बसायला जमतंय हळूहळू... पण या स्पीकरवर बाजू संपत नाही. त्यामुळे उठायचं कधी, ते कळत नाही.