घोडा वर असताना उघडलेली चक्री

नात मला या पानावरचे भुताखेतांचे अनुभव वाचून दाखवते आणि मी तिला निम्म्यात गप्प बसवते. पांढऱ्या साडीतल्या बाया, पिंपळावरचे आवाज... रिकामटेकड्यांचे उद्योग. माझं मत अजून तेच आहे. तरी तिच्याकडून हे लिहून घेते आहे, कारण हे भर दुपारी, माझ्या डोळ्यांसमोर झालं.

आमचं शेत तेलगावजवळ, बीडच्या रस्त्याला. ऊस आणि कापूस. माझे मालक फौजेतून आलेले, त्यांच्याकडे परवान्याचं रिव्हॉल्वर होतं. माणूस कुजका. माझ्याशी कधी गोड बोलले नाहीत, पण त्या हत्याराला तान्ह्या लेकरासारखं जपायचे. खंडेनवमीला हळदकुंकू वाहायचं तेही चक्री, म्हणजे सिलेंडर, उघडी ठेवून. आतली घरं रिकामी आहेत हे सगळ्यांना दिसलं पाहिजे. उघडायची रीत ठरलेली. नळी आभाळाकडे, अंगठ्याने खटका सारायचा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी चक्री हळूच बाहेर ढकलायची, तिची दांडी दाबायची, की काडतुसं खाली. बंद करतानाही तळहाताने. मनगटाचा झटका द्यायचा नाही, चक्रीचा कणा वाकतो.

ते गेले आणि परवाना पोराच्या नावावर झाला. विष्णू बीडला एका पुढाऱ्याच्या मागेपुढे फिरतो. तो सिनेमातल्यासारखा झटका देऊनच चक्री बंद करायचा. खट्ट!

"तुझ्या बापानं बघितलं असतं तर हात मोडला असता," मी म्हणायची.

"बाप गेला आई. आता माझं हाय ते."

गेल्या पेरणीच्या आधी माझ्या चुलत दिराच्या पोराने, भरतने, आमच्या बांधावर नांगर घातला. मी तिथेच उभी राहून त्याच्याशी भांडत होते.

"काकू, घरी जा, भाकरी थापा. मोजणी आल्यावर बघू."

"तुझ्या बापानं बी असाच बांध खाल्ला. तुमचं पोट भरत न्हाई का रे?"

तेवढ्यात विष्णू गाडीवरून आला. कुणीतरी त्याला फोन केला असणार. उतरला तोच हत्यार काढून. भरतला हसू आलं.

"काय बे, रील काढाय आलास का?"

तिथेच बिनसलं. विष्णूने काडतुसं बघितली, झटका देऊन चक्री बंद केली आणि नळी भरतच्या छातीवर धरली. डावा हात पँटच्या खिशात. मोठेपणा दाखवायची ती त्याची सवय.

"इष्णू, खाली कर!" मी ओरडले.

त्याने चाप ओढायला सुरुवात केली. या जातीच्या रिव्हॉल्वरमध्ये चाप ओढला की मागचा घोडा, जो काडतुसावर आपटतो, तो आपोआप वर जातो आणि चक्री फिरते. घोडा वर गेलेला मी पाहिला. चक्री फिरलेली पाहिली...

बार झाला नाही. विष्णूचा हात कोपरात वाकला आणि सावकाश वर गेला. नळी आभाळाकडे झाली. चक्री बाजूला सरकली — झटका नाही, काही नाही, बोटांनी ढकलावी तशी. दांडी दबली. काडतुसं त्याच्या पायाशी पडली, सगळी जिवंत. आणि घोडा अजून वरच होता. विष्णूचा डावा हात अजून खिशातच होता.

भरत उसात पळाला. विष्णू कुणाला तरी म्हणत होता, "सोड... सोड हात!" त्याच्याजवळ कुणी नव्हतं. मी तर चार-पाच पावलं लांब.

बीडला बंदुका दुरुस्त करणाऱ्याला दाखवलं. मला वाटलं, झटके देऊन कणा वाकला असेल, खटका झिजला असेल. त्याने सगळं तपासलं. सगळं जागेवर.

"आजी, घोडा वर असला की चक्री उघडतच न्हाई. आतून अडकती. तुमच्या बघण्यात काहीतरी चूक झाली."

त्याने घोडा चढवून आमच्यापुढे जोर लावला. उघडली नाही. मीही लावला. नाही.

नात म्हणते, आजोबा आले असतील. मला पटत नाही. जिवंत असताना त्या माणसाने कुणाची मारामारी थांबवली नाही, लावली मात्र पुष्कळ. मेल्यावर अक्कल कुठून येणार?

हत्यार मी पोलीस ठाण्यात जमा करायला लावलं. विष्णू तेव्हापासून बीडलाच राहतो, गावात पाय ठेवत नाही. भरत बांध कोरतोच आहे. विष्णूचा फोन येतो, तो भांडायलाच.

"आई, तूच कायतरी केलतंस त्या हत्याराला. एकदा व्हय म्हण, उद्या घरी येतो."

"म्या हात बी लावला नव्हता."

"मंग माझा हात कुणी धरलता?"

एक 'हो' म्हटलं तर त्याची भीती जाईल, तो परत येईल, हे मला कळतं. पण खोटं मी बोलणार नाही, आणि खरं मला माहीत नाही. तो शिवी देतो आणि फोन ठेवतो.