नुसतं जांभुळकोंड

मी आज फुशारकी मारणार आहे, आधीच सांगून ठेवते. नवऱ्याचं कौतुक करायची मला सवय नाही. बावीस वर्षांच्या संसारात जेमतेम तीनदा केलं असेल, त्यातलं एकदा चुकून.

अंबरीश मस्कतला, मत्रहच्या बाजारात, टायपिंगच्या दुकानात बसतात. व्हिसाचे अर्ज, भाडेकरार, गाडीचे कागद, इंग्रजीत आणि अरबीत. पार बरका गावाहून आलेले ड्रायव्हर तासभर थांबतील, पण कागद यांच्याच हातून करून घेतील. यांचा नियम एकच: समोर असेल तेच टाईप करायचं, पदरचा शब्द घालायचा नाही. घरीही तेच. दूध आणा म्हटलं की दूधच आणतील. पाव संपलेला डोळ्यांनी दिसला तरी शप्पथ आणणार नाहीत.

लग्न ठरताना माझ्या वडिलांनी विचारलं, "गाव कोणतं?" हे म्हणाले, "जांभुळकोंड. पण ते धरणात गेलं." वडिलांना वाटलं, जावई थट्टा करतोय. कसली थट्टा! बत्तीस वर्षांपूर्वी सव्वाशे घरं उठवून दोन डोंगरांपलीकडे नेऊन बसवली. नळ आला, उशिरा का होईना वीज आली. नाव मात्र आलं नाही. सरकारदरबारी 'पुनर्वसन वसाहत क्रमांक दोन', बस्स. माझ्या सासूबाई, गंगुबाई, दरवेळी करवादायच्या, "अगो, क्रमांक दोनला कधी ग्रामदैवत असतं काय?"

गेल्या वर्षी नवीनच टूम निघाली. ही वसाहत शेजारच्या गावात विलीन करायची, त्यांची एक वाडी म्हणून. म्हणजे जांभुळकोंड हे नाव कायमचं खलास. प्रांतसाहेबांची सुनावणी लागली. हरकत असेल तर पंधरा दिवसांत लेखी द्या म्हणाले. सासूबाईंचा फोन आला, "अंब्या, जन्मभर लोकांचे अर्ज लिहिलेस. आता आपला लिही."

झालं! ज्याने पदरचा शब्द कधी घातलाच नाही तो माणूस स्वतःचं काय लिहिणार? तीन दिवस कोरा कागद. मी तर चिडून म्हटलं, "अहो, दुसऱ्याची बायको पळाली तरी तुम्ही दोन भाषांत अर्ज कराल, आणि स्वतःचं गाव जातंय तर बोटं आखडली?"

चौथ्या दिवशी दुकानात नूरुद्दीन मास्तर आले. सुदानचे. तिथल्या लढाईत त्यांच्या भावांची घरं गेली. त्यांना एका कराराच्या प्रती काढून हव्या होत्या. आफ्रिकेतल्या देशांनी २००९ साली कंपाला शहरात मिळून केलेला करार. लढाईने, पुराने किंवा प्रकल्पामुळे ज्यांना आपल्याच देशात घर सोडावं लागलं, त्यांचे हक्क त्यात लिहिलेले. प्रती काढता काढता यांनी दहावं कलम वाचलं. प्रकल्पासाठी माणसं हलवायची तर आधी दुसरा काही मार्ग आहे का बघा, त्यांना सगळं सांगा, त्यांच्याशी बोला. संध्याकाळी घरी आले तेच मुळी धावत. "सुरेखा, हे आपलंच लिहिलंय गं!"

"आपलं कसलं? करार आफ्रिकेचा. प्रांतसाहेब कशाला ऐकतील?"

"नसतील ऐकत. मी कुठे लागू करा म्हणतोय? एवढ्या देशांनी असं कागदावर घातलंय, तेवढं त्यांना वाचू तर दे."

मग काय विचारता! मराठी करायला बसले ते जेवणाचंही भान नाही. शुक्रवारी सुट्टीला सासूबाईंना फोनवर वाचून दाखवायला लागले. "'आम्ही निर्वासित लोक...'"

"थांब मेल्या!" फोन हातातून पडायचाच. "निर्वासित कोण? बत्तीस वर्षं नळावर हाच टोमणा ऐकला, निर्वासित आले, निर्वासित आले. आम्ही काय सरहद्द ओलांडून आलो? आपल्याच तालुक्यातनं आपल्याच तालुक्यात आलो. परत बोललास तर थोबाड फोडीन!"

पन्नाशीकडे झुकलेला माणूस, शाळकरी पोरासारखा फोन कानापासून लांब धरून बसला. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी यांनी नूरुद्दीन मास्तरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तुझी आई बोलली तेच पहिल्या कलमात आहे. सरहद्द न ओलांडलेली माणसं. सरहद्द ओलांडली तो लाजी, देशातच हलला तो नाझिह. माझे भाऊ नाझिह आहेत. लाजी म्हटलं की तेही भांडतात." आता बघा, अरबीतले हे दोन शब्द आमच्या साहेबांना वीस वर्षं पाठ! एकाच्या जागी दुसरा कधी पडला नाही. मराठीतच चुकले, कारण तो टोमणा शाळेत असल्यापासून ऐकून आपलंच नाव वाटायला लागला होता. मला हे स्वतः सांगितलं त्यांनी, मान खाली घालून.

सगळा कागद नव्याने केला. जिथे तिथे 'विस्थापित'. आणि शेवटी एक वाक्य, पूर्णपणे पदरचं: 'आमची जागा हलली, आमचं नाव हललेलं नाही.' मी ते चारदा वाचलं. अभिमानाने ऊर भरून आला हो, खोटं कशाला बोलू!

सुनावणीला माझा दीर प्रशांत सासूबाईंना आणि तो कागद घेऊन गेला. प्रांतसाहेबांनी सगळं वाचलं आणि विचारलं, "वकील कोण तुमचे?"

"वकील कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "माझा मुलगा मस्कतला टायपिस्ट आहे."

साहेब हसले. म्हणाले, "बरं. विलीनीकरण नको, स्वतंत्र गावाची शिफारस करतो. नाव लावू 'नवे जांभुळकोंड'." सगळे खूश. प्रशांत तर पाया पडायलाच निघाला होता. पण सासूबाई उभ्या राहिल्या.

"नवे कशाला?"

"आजी, जुनं गाव पाण्याखाली आहे ना. कागदोपत्री गोंधळ होतो."

"पाण्याखाली घरं आहेत, साहेब. गाव हे काय, तुमच्यासमोर उभं आहे."

प्रशांत सांगतो, साहेबांनी पेन उचललं आणि 'नवे' खोडलं.

पुढे आदेश निघायला चार महिने गेले. ज्या दिवशी निघाला त्या दिवशी सासूबाईंनी थेट दुकानात फोन लावला. आदेश ऐकून हे गिऱ्हाइकांसमोर हमसून हमसून रडायला लागले. तिकडून ओरडा आला, "रडतोस काय? आधी पत्ता लिही. श्रीमती गंगुबाई, मुक्काम जांभुळकोंड."

यांनी लिहिलं, छापलं आणि कागद हातात धरून बसून राहिले. रांगेतली माणसं खोळंबलेली. शेवटी अर्बाब, म्हणजे दुकानाचे मालक, उठून आले, "अंबरीश, किसकी अर्जी है ये?"

"अर्जी नहीं है, अर्बाब," हे म्हणाले. "पता है. मेरी माँ का."