लसीकरणाचं लाइव्ह

"सिस्टर, पोरगी निळी पडून राहिली!" बाळाची आजी किंचाळली. मी तेव्हा कानात इअरफोन घालून लाइव्हसाठी उभी होते.

मी एका चॅनलची भंडारा जिल्ह्याची रिपोर्टर. एकोडीच्या पुढच्या एका गावात, उपकेंद्रातल्या लसीकरणावर स्टोरी होती. लस दिल्यावर बाळाला अर्धा तास तिथंच थांबवतात. क्वचित एखाद्याला रिअ‍ॅक्शन येते, तेव्हा सिस्टर जवळ हवी. हेच मी कॅमेऱ्यासमोर सांगणार होते.

बाळानं मान टाकली होती. अंगावर लाल गांध्या, छातीत घरघर. सिस्टरनं इमर्जन्सी किट उघडलं. रिअ‍ॅक्शनवरचं इंजेक्शन बाळाच्या मांडीत दिलं. कोणीतरी १०८ला फोन लावला. अ‍ॅम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती.

"रडारड कसली?" इअरफोनमध्ये प्रोड्यूसरचा आवाज.

"लसीनंतर एका बाळाला त्रास झालाय."

"व्हिज्युअल्स घे. ब्रेकिंग चालवू. लसीमुळे बाळ अत्यवस्थ!"

खिडकीशी गर्दी जमली. "काहून टोचली सुई? मेली तं?" एकजण ओरडला. बायका आपापली लेकरं उचलून निघाल्या. मी बोलले, तर उद्या आजूबाजूच्या गावांत लस कोण घेईल? नाही बोलले आणि बाळ गेलं, तर दाबलं म्हणतील.

"डॉक्टर सांगेपर्यंत काही चालवू नका," मी म्हणाले.

"दुसऱ्यांनी आधी चालवलं तर?"

"चालवू दे."

मी इअरफोन काढला. कॅमेरामनला म्हटलं, "ट्रायपॉड राहू दे, गाडी काढ. साकोलीच्या दवाखान्यात नेऊ."

मागं सिस्टर, आई आणि बाळ. पुढं मी. धानाच्या बांध्यांमधून रस्ता संपता संपेना. बाळाचा आवाज नव्हता.

"मॅडम, इचा श्वास चालू हाय ना?" आईनं मला विचारलं. मागं वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

"चालू हाय, बाई. तू तिले नीट धर," सिस्टर म्हणाली.

साकोली दिसायला लागली तेव्हा बाळ रडलं. अगदी बारीक. मग जोरात. आई त्याहून जोरात रडली.

डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन वेळेवर पडलं म्हणून वाचली. दुसऱ्या दिवशी पोरगी घरी गेली. मी सगळी स्टोरी करून पाठवली: रिअ‍ॅक्शन, किट, अर्धा तास कशासाठी थांबायचं, सगळं.

"बाळ बरंय ना?" प्रोड्यूसर म्हणाला. "मग यात बातमी काय?"

ती स्टोरी लागली नाही. लसीकरणाच्या कव्हरेजला मी अजून जाते. फक्त गाडी आता दाराशीच, तोंड रस्त्याकडे करून लावायला सांगते.