तलावापासून घरापर्यंत

विमलाताईंचा आवाज एके काळी अर्ध्या जिल्ह्याला माहीत होता. रत्नागिरीच्या टेलिफोन खात्यात त्या ऑपरेटर होत्या. मंडणगडहून कुणी मुंबईला फोन लावायला सांगितला की मध्ये यांचा आवाज यायचा, "बोला, लाइन लागलीय." माणसं तेवढ्यात चार शब्द बोलून घ्यायची, पावसाची चौकशी करायची. पुढे यंत्रं बदलली, ऑपरेटरचं काम संपलं, ताई कारकुनी करत निवृत्तीपर्यंत पोचल्या. यजमान चार वर्षांपूर्वी गेले. मुलगा उन्मेष पुण्याला. आता दिवसचे दिवस त्यांचा फोन वाजत नसे, वाजला तर कुणीतरी कर्ज हवंय का म्हणून विचारायचं.

सोसायटीतली माणसं वाईट नव्हती. जिन्यात भेटली की हसायची. पण दाराची बेल वाजवून कुणी आत येऊन बसलंय, असं यजमानांच्या तेराव्यानंतर झालं नव्हतं.

गुडघे दुखायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले, पोहा. सोसायटीच्या मागच्या वळणावर पोहण्याचा एक खाजगी तलाव होता, सकाळी उशिरा बायकांची वेळ असायची. ताई मूळच्या केळशीच्या. लहानपणी परकराचा काचा मारून खाडीत उड्या मारलेल्या. त्या पंजाबी ड्रेस घेऊन तलावावर गेल्या, तर तिथल्या माणसाने पाटी दाखवली. पोहण्याचा पोशाख आणि टोपी सक्तीची, साधे कपडे घालून पाण्यात उतरायला मनाई. मग बाजारातून एक काळा पोशाख आणला, गुडघ्यापर्यंतचा, अर्ध्या बाह्यांचा. पहिल्यांदा घातला तेव्हा आरशात बघायचं त्यांनी टाळलं. पण पाण्यात उतरल्यावर गुडघे नाहीसेच झाले. पाठीवर तरंगत राहिलं की कानात पाणी भरायचं आणि घरातली शांतता आणि ही शांतता यांत फरक आहे असं वाटायचं. म्हणून त्या सगळ्यांत शेवटी बाहेर यायच्या. बाकीच्या बायकांना मुलं शाळेतून आणायची असायची. यांना काहीच नसायचं.

त्या दिवशी तेच नडलं. सगळ्या बायका गेल्या असं समजून तलावाच्या माणसाने कपडे बदलायच्या खोलीला कुलूप लावलं आणि लग्नासाठी संगमेश्वरला निघून गेला. ताई पाण्यातून बाहेर आल्या तर खोली बंद. साडी, फोन, घराची किल्ली, सगळं आत. काठावर फक्त एक टॉवेल.

तलावाच्या फाटकावरचा वॉचमन म्हातारा. तो दुसरीकडे बघत म्हणाला, "बाई, दुसरी किल्ली हाय कुठंतरी. फोन लावतो, पण तो उचलत नाय."

ताई थोडा वेळ थांबल्या. वारा सुटला होता, दात वाजायला लागले. घर दिसत होतं, वळण घेतलं की आलंच. शेजारी कुणीतरी गाऊन देईल, तोपर्यंत किल्लीचं बघता येईल, असा विचार करून त्यांनी कमरेला टॉवेल गुंडाळला आणि त्या चालायला लागल्या. पानाच्या टपरीवर दोघं-तिघं उघड्या अंगाने हाफ पँटवर उभे होते. ताई जवळ आल्या तसं त्यांचं बोलणं थांबलं. त्या पुढे गेल्यावर कुणीतरी हसलं. ताईंनी चाल वाढवली नाही. ओल्या चपलेने पाय घसरत होता आणि पडले तर उठवायला कोण येणार, हा विचार लाजेपेक्षा मोठा होता.

जिना चढून त्यांनी समोरच्या सावनीची बेल वाजवली. आत टीव्ही चालू होता, तो बंद झाला. दारातल्या भिंगामागचा उजेड क्षणभर गेला, परत आला. दार उघडलं नाही. "सावनी, अगं मी विमलाकाकू," त्या म्हणाल्या. मग खालच्या मजल्यावर गेल्या. तिथेही तसंच. तिसरं दार सोसायटीचे सेक्रेटरी गुरुप्रसाद यांचं. रोज सकाळी पंचा नेसून दुधाच्या पिशव्या घ्यायला हेच जिन्यात येतात, येता-जाता दोन शब्द बोलतात. आतून पावलं दारापर्यंत आली आणि परत गेली.

ताई जिन्याच्या पायरीवर बसल्या. अंगाखाली पाण्याचं थारोळं झालं. रडू येईल असं त्यांना वाटलं, पण आलं नाही.

जिना झाडणारी जनी बादली घेऊन वर आली आणि थबकली. "आगो बाय, वैनी! ह्या काय झाला?"

ताईंनी सांगितलं. जनीने बादली तिथेच ठेवली, गच्चीवर पळाली आणि मोठ्ठ्या लाल फुलांची एक चादर घेऊन आली. ताईंच्या अंगावर ती गुंडाळत म्हणाली, "बसा गप. मी जातंय तलावावर. किल्ली गावल्याबिगर येत नाय."

"कुणाची गं चादर?"

"सेक्रेटरींची. वाळत होती. धुऊन टाकीन परत."

वॉचमनचा फोन एव्हाना लागला होता, दुसरी किल्ली टेबलाच्या खणात सापडली. जनी ताईंची पिशवी घेऊन आली तोवर त्या चादरीतच बसून होत्या. तेवढ्या वेळात जिन्यातून कुणीच गेलं-आलं नाही.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर गुरुप्रसादांचा निरोप आला. आपली सोसायटी म्हणजे समुद्रकिनारा नव्हे, पोहण्याच्या कपड्यांत जिन्यात वावरणे शोभत नाही, रविवारी बैठक. नाव कुणाचं नव्हतं. खाली अंगठे मात्र भराभर पडले.

फ्लॅट उन्मेषच्याही नावावर, म्हणून तोही ग्रुपवर. त्याचा फोन आला. "आई, अगं काय हे? लोक मला विचारतायत."

"काय विचारतायत?"

"तू अशी... बाहेर फिरत होतीस म्हणून."

ताईंनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो ऐकत होता, मध्ये प्रश्न विचारत होता, रागावला, मग तलाववाल्याला दम देतो म्हणाला. बराच वेळ बोलला. फोन ठेवल्यावर ताईंच्या लक्षात आलं की गुडघे दुखतात हे त्याला आज पहिल्यांदाच कळलं.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. गुरुप्रसाद घसा खाकरून म्हणाले, "काकू, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण लहान मुलं असतात. तलावात काय घालायचं ते घाला, रस्त्यावर आणि जिन्यात ते बरं दिसत नाही."

"नाहीच दिसत," ताई म्हणाल्या. "मलाही बरं वाटत नव्हतं. म्हणूनच मी बेल वाजवली."

गुरुप्रसादांनी हातातल्या वहीचं पान उलटलं, पण ताईंचं बोलणं संपलं नव्हतं.

"तीन दारांच्या बेल वाजवल्या. तिन्ही घरांत माणसं होती. कुणी एक गाऊन दिला असता, जुनी ओढणी दिली असती, तर मी पायरीवर बसलेच नसते. तुम्ही नियम करा. मी पाळीन. पण भिंगातून बघितल्यावर मी कुणाला कोण वाटले, तेवढं मला सांगा."

त्यांचा आवाज चढला नव्हता. फोनवर लाइन लागलीय म्हणून सांगत असत, तसाच होता. गुरुप्रसादांच्या बायकोने मान खाली घातली. कुणीतरी पाण्याच्या टाकीचा विषय काढला आणि बैठक तिकडे वळली. नियम झालाच. आठवड्याभरात जिन्यात कागद चिकटला: आवारात पूर्ण पोशाख असावा.

बैठक झाली त्याच संध्याकाळी सावनी आली. दारातच उभी राहून म्हणाली, "काकू, मी घरात होते. ओळखलं होतं मी तुम्हाला."

"ये आत."

ताईंनी चहा टाकला. सावनी कप हातात धरून बसली. "काय करावं ते सुचलंच नाही. सासूबाई आलेल्या, त्या म्हणाल्या, उघडू नको. आणि मी उघडलं नाही." एक घोट घेऊन ती म्हणाली, "तुमची एक किल्ली आमच्याकडे ठेवा ना. परत असं नको व्हायला."

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. मुलगी मनापासून बोलत होती. "किल्ली मी जनीला दिली गं," त्या म्हणाल्या. "कालच."

सावनीने मान हलवली. चहा संपवून थोडी बसली, पोहण्याबद्दल दोन प्रश्न विचारले, मग सासूबाईंची हाक आली म्हणून उठली. पुन्हा येते म्हणाली. महिन्याभरात आली नाही, पण जिन्यात भेटली की आता थांबते, गुडघ्यांचं विचारते.

उन्मेषचे फोन पुढचे दोन रविवार आले. मग ऑफिसचं काम वाढलं.

ताई पोहायला जातात. काठावर, हात पोचेल अशा जागी, पिशवीत गाऊन ठेवतात. तलावाचा माणूस कुलूप लावण्याआधी आता हाक मारतो, "कोण हाय का आत?" पाठीवर तरंगत असल्या तरी ती हाक त्यांना ऐकू येते. त्या लगेच ओ देत नाहीत. त्याला दोनदा, तीनदा विचारू देतात, आणि मग म्हणतात, "आहे रे, मी आहे."