सहाणेवरच्या गुन्ह्याची वर्दी

मी आमच्या गावची पोलीस पाटील आहे. हे लिहीत असताना तरी आहे. तुम्ही वाचाल तोवर मला काढून टाकलेलं असेल, तर ते कशापायी, हे आधीच सांगून ठेवते. गावाचं नाव सांगणार नाही. रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या अलीकडे, एवढं पुरे. ज्यांना कळायचं त्यांना कळेल आणि त्यांना राग येईल. येऊ दे.

पोलीस पाटील म्हणजे पोलीस नव्हे. ना काठी, ना खाकी. एक वही, एक शिक्का आणि मुख्य काम एकच : गावाच्या हद्दीत काही गुन्हा घडला, कुणी बुडालं, कुठे मारामारी झाली, की पोलीस ठाण्याला लेखी खबर द्यायची. त्या खबरेला वर्दी म्हणतात. नऊ-दहा वर्षं मी वर्द्या देत आले. चोरट्या वाळूची दिली, विहिरीत पडलेल्या गव्याची दिली. आमच्याच भावकीतल्या हातभट्टीची दिली तेव्हा सासरे महिनाभर माझ्याशी बोलत नव्हते. जेवायला मात्र माझ्याच हातचं लागत होतं.

आता शिमग्याचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शिमग्यात देवाची पालखी ज्या चौथऱ्यावर बसते त्याला आम्ही सहाण म्हणतो. सहाणेपुढे होळी रचतात आणि त्या होळीसाठी पोरं लाकडं चोरतात. चोरतात हाच शब्द आहे, आम्ही तो लपवत नाही. मोडकी खुर्ची, परसातली शिडी, वईचे म्हणजे कुंपणाचे खुंट, हाताला लागेल ते. ज्याचं जातं तो पायरीवर उभा राहून पोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो आणि होळीच्या दिवशी तोच नारळ घेऊन येतो. नेम एकच. सहाणेला टेकलेलं लाकूड परत मागायचं नाही. मी माहेरी पाचवीत असताना शाळेतल्या गुरुजींची शिडी पळवली होती. पळवताना शिडीसकट त्यांच्याच पडवीत आपटले, म्हणजे चोर कोण हे गुरुजींना पक्कं ठाऊक होतं. त्या वर्षी कौलं परतायला त्यांनी शेजारगावातून शिडी आणली. आम्हाला एका शब्दाने विचारलं नाही.

आमच्या गावात वर सड्यावर, कातळाच्या माळावर, एका बाहेरगावच्या गृहस्थांनी बंगला बांधलाय. माणूस वाईट नाही. जुन्या होडीच्या फळ्यांचं एक बाक त्यांनी हौसेने करून घेतलं होतं आणि समुद्राकडे तोंड करून अंगणात मांडलं होतं. आता शिमगा आठ दिवसांवर आला असताना एवढं मोठं लाकूड कुणी उघड्यावर ठेवतं का? गावात कुणीही त्यांना सांगितलं असतं. पण त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. पोरांनी बाक उचललं, ती बंगल्याच्या कॅमेऱ्यात आली आणि गृहस्थांनी ठाण्याला फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काजूच्या बागेत बिया वेचत होते. हवालदारांनी व्हॉट्सअ‍ॅपवर तो व्हिडिओ पाठवला. तीन पोरं. दोघा पोरग्यांच्या डोक्यावर बाक आणि पुढे एक पोरगी हात करकरून वाट दाखवतेय, जशी काही वरातच नेतेय. मला हसू आवरेना. खाली हवालदारांनी विचारलं होतं, 'ओळखता का?' मी लिहिलं, न ओळखायला काय झालं, पुढची आमच्या खालच्या वाडीतली. तिचं नाव लिहिलं. बापाचं नाव लिहिलं. 'आता सहाणेवर असेल, शिमगा आहे साहेब,' असंही लिहिलं आणि पुढे ते पिवळं तोंड टाकलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारं. तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. मी पुसलेला नाही, पुसणारही नाही.

मला वाटलं, जीप येईल, पोरांना दम देतील, फार तर बाकावरून थोडी हुज्जत होईल आणि मी मध्ये पडेन. आजवर असंच चालत आलं होतं. मी पुन्हा बिया वेचायला लागले.

अर्ध्या तासाने खालून आरडाओरडा ऐकू आला. टोपली तिथेच टाकून मी धावले. पोचले तेव्हा जीप वळत होती. मागच्या सीटवर ती पोरगी होती, उजवा हात डाव्या हाताने पोटाशी धरलेली. बारा वर्षांची पोर, सातवीतली. जीप दिसताच बरोबरचे दोघे वईवरून उड्या टाकून पसार झाले होते. ही पळाली नाही. सहाणेच्या पायरीवर बसून राहिली. पळायला तिच्या मते तिने काही केलंच नव्हतं! पोलिसांनी विचारलं, बाक कुठे आहे. तिने रचलेल्या होळीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "ता आता देवाचा झाला. परत नाय मिळायचा." तेवढ्यावर शिपायाने तिचा हात धरून पाठीमागे पिरगळला आणि तसाच पिरगळलेला ठेवून तिला जीपपर्यंत ओढत नेलं. बरोबर एकही बाई पोलीस नव्हती. तिथे सहाण सारवत असलेल्या चार बायांनी हे सगळं बघितलं. त्या ओरडत होत्या, अहो पोर आहे ती, सोडा. त्यांनाही दम मिळाला.

मी तिच्या आईला गाडीवर मागे बसवलं आणि ठाण्यात गेले. बाप लोट्याच्या एमआयडीसीत कारखान्यात दिवसपाळीला होता. तिथे मोबाइल गेटवर जमा करून घेतात. पाळी सुटून तो कंपनीच्या बसमध्ये बसेपर्यंत त्याला यातलं काही कळायचं नव्हतं. आई वाटभर एकच म्हणत होती, "वयनी, मारतीत काय हो तिला? मारतीत काय?" मी म्हटलं, "नाही." मला काय माहीत, हात आधीच मोडून झालाय. बायांनी नुसतं पिरगळल्याचं सांगितलं होतं.

ठाण्यात पोरीला कपाटाशेजारी जमिनीवर बसवलं होतं. कोपर सुजून टम्म झालं होतं. ठाण्याचे साहेब तरुण होते, बोलायला गोड. आम्हा दोघींना खुर्च्या दिल्या, चहा मागवला. "मॅडम, विषय मिटवून टाकू," म्हणाले. "पोरीचं आयुष्य आहे पुढे. समज देऊन सोडतो. तेवढी इथे सही करा, साक्षीदार म्हणून. आईची इथे."

मी कागद वाचला. 'सदर बालिका पोलिसांना पाहून पळून जात असताना पाय घसरून पडली व तिच्या हातास मुका मार लागला. पोलिसांबाबत आमची काही तक्रार नाही.' कागद टाइप करून तयार होता. आमची वाटच बघत होता म्हणा ना.

"करूया सही वयनी," आई म्हणाली. "घेऊन जाऊया पोरीला." तिने पेन उचललंही. मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी माझं लेकरू जमिनीवर बसलेलं असतं तर मीही आधी सही करून मग कागद वाचला असता. खरं सांगायचं तर माझाही हात पुढे होत होता. पोरगी घरी जाईल, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात खालून आवाज आला. "मी पळाले नाय, आये."

एवढंच. रडत नव्हती. हात मोडल्याचं तिने सांगितलं नाही, त्यांनी ओढत नेल्याचं सांगितलं नाही. पळाले नाय, एवढंच म्हणाली. आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं की या कागदावर सही झाली तर ही पोर जन्मभर चोर आणि पळपुटी राहणार, आणि तो हात कुणीच मोडलेला नसणार.

"ही पळाली नाही आणि पडलीही नाही," मी म्हणाले. "हे मी लिहून देणार नाही."

"तुम्ही तिथे होतात?" साहेबांनी विचारलं.

"नव्हते. चार बाया होत्या. त्यांना विचारलंत?"

मग हवालदार, ज्यांच्याशी माझी इतक्या वर्षांची ओळख, अगदी मायेने म्हणाले, "पाटीलबाई, यंदा तुमच्या नेमणुकीचं नूतनीकरण आहे ना? ठाण्याचा अहवाल लागतो बरं का त्याला."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "लागतो ना, मग द्या काय द्यायचा तो!" मी म्हणाले. "तुमच्याच खात्याने आम्हाला जिल्ह्याला बोलावून दिवसभर शिकवलं, दुपारी पुलाव खायला घातला. मुलीला धरायचं तर बाई पोलीस पाहिजे. पोरांकडे गणवेशात जायचं नाही. असल्या किरकोळ गोष्टीत आईबापाला बोलावून समज द्यायची. वहीत लिहून घेतलंय मी. त्या दिवशी तुम्ही रजेवर होतात वाटतं!"

"शहाणपणा शिकवू नका, मॅडम," साहेब म्हणाले.

"शिकवत नाही. सही करत नाही, एवढंच सांगते."

आईकडे वळून मी म्हणाले, तुला करायची तर कर, मी रागावणार नाही. तिने पोरीकडे बघितलं. मग पेन टेबलावर ठेवलं, टोपण लावून ठेवलं. त्या बाईच्या धीराला मी आजही हात जोडते. मग मी पोरीला उठवलं आणि साहेबांना म्हटलं, हिला दवाखान्यात नेतेय, अडवायचं असेल तर तसं लिहून द्या. लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं. चहा तसाच निवत राहिला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय झालं? आई गप्प. मी पण गप्प राहिले, मुद्दाम. पोरगी म्हणाली, "पिरगळला." कोणी? "पोलिसांनी." डॉक्टरीणबाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा दाराकडे बघितलं आणि सांगितलं तसं लिहिलं. एक्स-रेच्या फोटोत कोपराच्या वरचं हाड पिळून चिरल्यासारखं दिसत होतं. नुसतं पडून सहसा असं होत नाही, असं त्या म्हणाल्या आणि तेही लिहिलं.

प्लास्टर वाळेपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकड्यावर बसलो होतो. मी वही काढली. माझ्या गावाच्या हद्दीत, सहाणेसमोर, भर सकाळी एका पोरीचा हात मोडला गेला. हा गुन्हा नाही तर काय आहे? आणि गुन्हा घडला की वर्दी द्यायची, हेच माझं काम ना? मग दिलीच पाहिजे. मी लिहायला लागले.

"काय लिवताव, काकी?" पोरीने विचारलं.

मी वाचून दाखवलं. वेळ, ठिकाण, कोण कोण होतं, कुणी काय केलं. तिने नीट ऐकलं. दोन ठिकाणी मला दुरुस्त केलं. मग म्हणाली, "मी सहाणेवर हाय, ता त्यांना कोणी सांगितलान?"

काहीतरी थाप मारता आली असती. गाव एवढं मोठं, सांगितलं असेल कुणीतरी. पण म्हणाले, "मी." फोन काढून मेसेज दाखवला. ते हसरं तोंडही दाखवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने मेसेज अक्षर अन् अक्षर वाचला. मग फोन परत दिला. "मग ता पन लिवा."

"अगो, मोठ्या माणसाशी अशी बोलतात?" आई म्हणाली.

"बरोबर बोलतेय ती," मी म्हटलं आणि लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती वर्दी साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यावर ते काय बोलले ते सांगतेच, आधी पुढचं थोडक्यात उरकते. बंगलेवाले गृहस्थ पोरीच्या घरी जाऊन पायरीवर बसले. "मी बाक मागितलं होतं हो, हे नव्हतं मागितलं," असं म्हणून रडले आणि तक्रार मागे घेतली. बाक होळीत जळालं. चौकशी चालू आहे म्हणतात. तो शिपाई दुसरीकडे गेलाय. मला दोन नोटिसा आल्यात आणि नूतनीकरण लटकलंय. गावातले अर्धे म्हणतात, पोलिसांशी वाकडं कशाला घ्यायचं? उद्या वाळूची गाडी अडवली, बोटीचा कागद अडला तर? त्यांना म्हणावं, तुमची गाडी अडेल, तिचं कोपर अडलंय. ते अजून सरळ होत नाही. आता आठवीत आहे, लिहिते पण सावकाश, आणि पेपर अर्धा राहतो. मास्तर जास्त वेळ देत नाहीत, त्यांच्याशी माझं वेगळं भांडण चालू आहे.

तर त्या सकाळी साहेबांनी वर्दी वाचायला घेतली. वाचता वाचता चेहरा आंबट झाला. मग शेवटच्या ओळींपाशी ते थांबले आणि एकदम खुलले. खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "अहो मॅडम, नाव तुम्ही दिलंत, पत्ता तुम्ही दिलात, पोरगी बसलीय कुठे तेही तुम्हीच सांगितलंत! ही वर्दी पुढे गेली तर पहिल्या तुम्हीच अडकाल. घ्या परत. मी वाचलीच नाही असं समजू."

कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. मी तो परत त्यांच्यापुढे सरकवला.

"माझा गुन्हा मी लिहिलाय साहेब, खाली सही आहे. आता तुमचा तुम्ही लिहा."