आत्तीला झेपेल असा राक्षस

माझा मावसभाऊ अमेरिकेत शिकायला होता. एका उन्हाळ्यात तो सुट्टीला आला आणि जाताना बॅगेत जागा नाही म्हणून एक खोका आमच्याकडे ठेवून गेला. आत दोन पातळ इंग्रजी पुस्तकं होती आणि चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे तऱ्हेतऱ्हेचे फासे. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. सांगणारा म्हणतो, समोर गुहा आहे, आतून गुरगुर ऐकू येतेय, तुम्ही काय करता? तुम्ही सांगाल ते जमलं की नाही, हे फासे ठरवतात. मी तेव्हा कॉलेजात होते. हुकूम सोडायची हौस मला लहानपणापासून, त्यामुळे सांगणारी कोण हा प्रश्न आमच्या घरात आलाच नाही.

खेळायला तिघी मिळाल्या. एक माझी वहिनी, निपाणीकडची, लग्न होऊन चारच महिने झालेली. दुसरी मागच्या गल्लीतली माझी मैत्रीण. तिच्या वडिलांचा वह्या-पुस्तकं बांधायचा कारखाना होता आणि ती आमच्याकडे इतकी असायची की तिची आई तिला जेवायला बोलवायला आमच्या दारात येई. तिसरी आत्ती, म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. अण्णा म्हणजे माझे वडील. शाहूपुरीत त्यांची गुळाची अडत होती.

आत्तीबद्दल थोडं सांगायला हवं. ती लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन माहेरी आली, आणि पुढे माझी आई गेली तेव्हा मी तिच्या पदरात पडले. मला तिनंच वाढवलं. घरात तिला कुणी वाकडा शब्द बोलत नसे. पण तिला कुणी काही विचारतही नसे. बाजारात जायचं तर सोबत कुणीतरी, देवळात जायचं तर रिक्षा अण्णा ठरवणार. त्या वर्षी सांगलीच्या बाजूच्या एका मुलींच्या बोर्डिंगातून विचारणा आली होती, देखरेखीला बाई हवी आहे, तुमची बहीण येईल का. आत्तीला जायचं होतं. तिनं ते अण्णांना एकदाच सांगितलं. अण्णा म्हणाले, "तुला हितं काय कमी हाय?" आणि विषय संपला. मला आत्तीचं वाईट वाटलं. पण खरं सांगते, त्या रात्री मला झोप छान लागली.

आमचा पहिला खेळ चहा निवायच्या आत आटोपला. मी उत्साहाच्या भरात गुहेत पुस्तकातला सगळ्यात देखणा राक्षस बसवला. तिघींकडे पाच-पाच, सहा-सहा प्राण, आणि राक्षसाचा एक तडाखा दहा प्राण नेणारा. वहिनी मेली, मैत्रीण मेली, आत्तीचा निर्णय व्हायच्या आत आत्ती मेली. मला वाटलं होतं, काय थरार झाला. मैत्रीण म्हणाली, "ह्यो खेळ हाय का खाटीकखाना?" आत्ती नुसती उठली. "झालं? मग मी भात टाकतो," म्हणाली आणि आत गेली.

मग मी पुस्तक नीट वाचलं. नव्यानं गोष्ट सांगणाऱ्यांचं पहिलं अडखळणं हेच असतं, समोरच्याला झेपेल असा राक्षस उभा करता येत नाही. मी एका रविवारी अस्वल ठेवलं, ते तिघींनी मिळून सहज पळवलं. पुढच्या रविवारी सोपं म्हणून सहा उंदीर ठेवले, तर उंदरांनी तिघींना जेरीला आणलं, कारण अस्वल एकदा हात उगारतं आणि उंदीर सहा वेळा चावतात. हे पुस्तकात कुठंच लिहिलं नव्हतं. पळून जायला मागे एक दार ठेवायचं, हेही मी माणसं मारून मारून शिकले.

पण आमची खरी अडचण पुस्तक लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आली नसती. आम्ही जैन. आत्ती चुलीत लाकूड घालायच्या आधी ते झटकून घ्यायची, एखादी मुंगी असेल म्हणून. तिनं खेळातसुद्धा जीव घ्यायला साफ नकार दिला. वहिनी नवीन सून, सासरच्या आत्तीपुढं ती कशाला तलवार उचलतेय? मैत्रीण म्हणाली, "तुमास्नी चालत न्हाय तर मी मारतो की, त्यात काय." पण आत्ती तिलाही मारू देईना. राक्षस अंगावर येतोय आणि ह्या तिघी दारात उभ्या राहून वाद घालतायत, असं दोनदा झालं. किती बळाचा राक्षस ठेवावा याचा तक्ता पुस्तकात होता. पण तो समोरची माणसं वार करणार हे धरून केलेला. मी चिडून आत्तीला म्हटलं, "मग तू काय करणार? हात जोडणार?"

"त्याला इचार की," आत्ती म्हणाली, "त्याला काय पायजे ते."

मी पुस्तक चाळलं, तर मागच्या पानावर तेही होतं. राक्षस भेटला की तो रागावलाय की बोलायला तयार आहे, हे दोन फासे टाकून बघायचं, असा एक छोटा तक्ता. मी तो बिनकामाचा म्हणून सोडला होता. त्या रविवारपासून आमचा खेळ बदलला. आत्तीनं वैद्य व्हायचं ठरवलं, कारण नियमानं त्याला धारेचं हत्यार चालत नाही, आणि हा नियम तिला फार पटला. ती राक्षसांची दुखणी काढायची, वहिनी तोवर गुपचूप चाव्या पळवायची, मैत्रीण तलवार परजून नुसती दम द्यायची. आमचा आणखी एक नियम होता. दिवस मावळायच्या आत जेवणं व्हायची, म्हणून ऊन परसातल्या भिंतीवर चढलं की आत्ती उठणार. त्यामुळे संकट कितीही मोठं असो, तेवढ्या वेळात त्याचा निकाल लागेल एवढंच मापून मी आणायची.

आत्ती खेळात रमली. इतकी, की मला आधी नवल वाटलं आणि मग भीती. चूल आणि देऊळ यांच्यापलीकडे तिला कुणी पाहिलं नव्हतं, आणि ही बाई मी तीन वाटा दाखवल्या की चौथी शोधायची. सगळ्यांच्या पुढे चालायची. आणि जो पुढे चालतो त्यालाच पहिला तडाखा बसतो.

फासे माझेच, टाकणारीही मीच. मैत्रिणीच्या वडिलांनी मला जाड पुठ्ठ्याचा घडीचा आडोसा करून दिला होता, त्याच्या मागं मी माझे कागद आणि फासे ठेवायची. पुस्तकात म्हटलं होतं, सांगणाऱ्याला वाटलं तर खेळाच्या भल्यासाठी त्यानं फाशाकडे काणाडोळा करावा. मी तो सल्ला उचलून धरला. राक्षसाचा वार आत्तीवर बरोबर बसला की मी म्हणायची, "हुकला." थोडक्यात हुकला, थोडक्यात वाचलीस, असं कितीतरी रविवार चाललं. वहिनी अधूनमधून पडायची, मैत्रीण तर दर महिन्याला नवं माणूस घेऊन यायची. आत्तीचा वैद्य मात्र पावसाळा संपेपर्यंत तोच.

एका रविवारी एका दरीवर दोरांचा पूल होता आणि पलीकडे पहारेकरी. तो बोलायला तयार नाही, हे फाशांनी आधीच सांगितलं होतं. मैत्रीण म्हणाली, मागं फिरूया. वहिनी म्हणाली, फिरूया. आत्ती म्हणाली, "मी एकटीच जातो. एकट्या बाईवर तो हात उचलायचा न्हाय." मी फासा टाकला. वीस. पुस्तकात त्याहून मोठा वार नाही.

"हुकला," मी म्हटलं.

आत्तीनं माझ्याकडे पाहिलं. मला लहानपणी ताप आलाय हे ती कपाळाला हात न लावता ओळखायची.

"पुठ्ठा काढ."

"आत्ती, नियम असा हाय की..."

"काढ म्हणतो न्हवं."

मी आडोसा बाजूला केला. फासा तसाच पडला होता. तिनं तो पाहिला, आणि तिला राग आलाय असं मला वाटलं, पण आवाज मऊ होता. "सगळ्यांनी मला जपलंच की गं पोरी. तुझ्या अण्णानं जपलं, आता तू बी लागलीस. मग पुलावर गेलतं कोन? मी गेलोच न्हाय की."

मला रडू आलं. मी म्हटलं, "तू मेलीस तर मग मी कुणाबरोबर खेळू?" खेळाबद्दलच बोलतेय असं दाखवायचा मी प्रयत्न केला. पण मी बोर्डिंगाबद्दल बोलतेय हे आम्हा दोघींना कळलं, आणि वहिनीनं मान खाली घातली त्यावरून तिलाही.

आत्तीनं माझे डोळे पदरानं पुसले. "आता वार मोज," म्हणाली.

मी मोजला. वैद्य पुलावरून खाली गेला. आत्ती स्वयंपाकाला उठली. जेवताना अण्णांच्या पानात भाकरी वाढता वाढता तिनं सांगून टाकलं, की दिवाळी झाली की ती बोर्डिंगात जाणार आहे, तसं आजच कळवा.

अण्णांचा घास हातातच राहिला. "चाळीस पोरी असत्यात तितं. तुला ते झेपायचं हाय का? पडलीस मधीच तर?"

"तर पडंन," आत्ती म्हणाली, आणि त्यांच्या भाकरीवर तूप घातलं.

अण्णा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तिच्यासाठी पेटी घेऊन आले. दिवाळीनंतर ती गेली. मी स्टँडवर गेले नाही, कॉलेज आहे म्हणाले. कॉलेज नव्हतं.

संक्रांतीच्या सुमाराला मी तिला भेटायला गेले. मनात एकच होतं, तिला घेऊन यायचं. आत्ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून कुणालातरी मोठ्यानं रागावत होती. आमच्या घरी तिचा आवाज एवढा वर गेलेला मी कधी ऐकला नव्हता. ती वाळली होती. पायाला भेगा पडल्या होत्या. एका मुलीला गोवर आला होता, स्वयंपाकीण न सांगता गेली होती, विहिरीचा पंप बंद. तिनं मला पाहिलं, जवळ घेतलं, आणि लगेच पोरींच्या पंगतीत वाढायला लावलं. एक परकर-पोलक्यातली पोर तिचा पदर धरून सगळीकडे हिंडत होती, तो पदर माझा होता, आणि मला तिचा अस्सा राग आला.

निघायच्या वेळी मी विचारलं, "आत्ती, लई जड जातंय का गं?"

"व्हय की," ती म्हणाली. "लई जड जातंय."

इतक्या आनंदानं हे म्हणताना मी आजवर दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही. मी तिला परत चल म्हणाले नाही. नमस्कार केला आणि गाडीत बसले.