कोळशाच्या रेघा

परवा कुंड्यांसाठी भिंतीला फळ्या लावायला सुतार आला. त्यानं सागाला रंधा मारला आणि त्या तेलकट वासासरशी मी राजुऱ्याच्या आमच्या जुन्या घरात जाऊन पोचलो.

उन्हाळा लागला होता. बाबा हातोडी घेऊन स्टुलावर चढलेले. आईनं खालून त्यांना अडवलं, "थांबा जी! ऊन कुठी कुठी येते, ते पाहू द्या मले."

"फळी ठोकाले पंचांग लागते काय वं?" बाबा वैतागले.

आईनं चुलीतला कोळसा घेतला आणि दिवसभर ती खिडकीतल्या उन्हाच्या मागं लागली. ऊन सरकलं की भिंतीवर एक रेघ. संध्याकाळी उन्हानं न शिवलेली तिरपी जागा तेवढी उरली. तिथंच तिनं जिन्यासारख्या उतरत्या फळ्या ठोकून घेतल्या. मे महिन्यात गल्लीतली झाडं करपली, पण आईचा मनीप्लांट फळीफळीनं खाली उतरत राहिला.

बाबांनी तोंडानं कधी कौतुक केलं नाही. दर दिवाळीला भिंतींना चुना मारताना मात्र ते त्या काळ्या रेघा तेवढ्या सोडून द्यायचे. मला तेव्हा तो त्यांचा आळस वाटायचा.